चोवीस नंबरचा रोल

मामा होते तिथंच राहिले आणि त्यांचा तालुका मुंबई राज्यात गेला. माझ्या मायला ही गोष्ट मरेपर्यंत पटली नाही. "माणसाची बदली होते हे समजते मले. तालुक्याची बदली कशी होते वं?" असं ती भाकर थापता थापता विचारायची. मामा जंगल खात्यात, किनवटच्या बाजूला. आम्ही नार्नूरजवळच्या एका लहान गावात, ते आंध्रात राहिलं. बाबा तिथल्या मराठी शाळेचे एकटे मास्तर. शाळा म्हणजे एक खोली, पुढं ओटा, आणि तिला लागूनच आमचं घर. मामाचं गाव तसं बैलगाडीच्या पल्ल्यातलं, पण छप्पन साली राज्यं नव्यानं पाडली, मधून हद्द गेली आणि मायच्या मनानं तिचा भाऊ परदेशी झाला. त्या दिवाळीला मामा आले, दोन दिवस राहिले, आणि जाताना आपला कॅमेरा माझ्याजवळ देऊन गेले. "तिकडं नवे साहेब येतीन, नवं काम येईन, मले कुठं सवड? तू सांभाळ, इमल," म्हणाले. माय म्हणाली, "पोरीच्या जातीले कायले पाह्यजे ते?" मामा म्हणाले, "पोरीच्या जातीले डोळे नसतेत का, बाई?" भावापुढं तिचं कधीच काही चाललं नाही.

मी तेव्हा सतराएक वर्षांची असेन. सातवी पास होऊन घरीच बसले होते आणि त्या बसण्याचा मला फार राग होता. आमच्या घरात सकाळी चुलीवर ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, संध्याकाळी चून, म्हणजे बेसनाचं पिठलं, आणि भाकर, कधी बाजाराच्या दिवशी वांगी. दिवसभर भिंतीपलीकडून पोरांचा गलका, मधूनच बाबांचा दबका दम, आणि माझ्या हातात सूप नाहीतर केरसुणी. कॅमेरा आला आणि माझे दिवस पालटले. काळा पेटारा, झाकण उघडलं की आतून लोहाराच्या भात्यासारखा भाता बाहेर यायचा. मामांनी मला तीनच गोष्टी शिकवल्या होत्या. उजेड आत शिरतो ते भोक किती उघडायचं, ते एका कड्यावर. आकडा वाढला की भोक बारीक. खटका किती वेळ उघडा ठेवायचा, ते दुसऱ्या कड्यावर. तिथं पंचवीस म्हणजे जास्त वेळ, पन्नास म्हणजे त्याच्या निम्मा. तिसरी गोष्ट कॅमेऱ्यात नव्हतीच, ती रोलच्या डब्यावर छापलेली असायची. रोलला उजेड किती लवकर लागतो, त्याचा आकडा. मामा कायम सतरा नंबरचा रोल आणायचे. "सतरा असला आन ऊन असलं, की भोक अकरावर, खटका पन्नासवर. बाकी डोकं लावायचं नाही," हा त्यांचा मंत्र.

आता मला डोकं लावू नको म्हणणं म्हणजे मांजरीला दुधाकडं पाहू नको म्हणण्यासारखंच. त्यातून मी हिशोबात पक्की, आणि त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. आमच्या भागात त्या काळी प्रत्येक गोष्टीला दोन हिशोब. सात हालीचे, म्हणजे निजामाच्या रुपयांचे, सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. फसली सालात पाचशे नव्वद मिळवा की इसवी साल. गावातली म्हातारी माणसं जुना निजामी कागद घेऊन ओट्यावर यायची, आणि बाबा शिकवण्यात गुंतले असले की मी दारातूनच तोंडी उत्तर सांगायची. "मास्तराची पोरगी तोंडावर हिशोब करते," असं लोक म्हणायचे. जुन्याचं नवं करायचं तर त्रैराशिक मांडायचं, जगात दुसरं काही लागत नाही, अशी माझी खात्री होती. माझा नातू परवा मोबाईल दाखवून म्हणाला, "आजी, हा आकडा शंभरचा दोनशे केला की उजेड दुप्पट धरतो." मी म्हटलं, तुमचं बरं आहे बाबा, तुमचे आकडे सरळ आहेत. आमच्या वेळचे आकडे वळणावळणाचे होते, आणि त्या वळणावर मी तोंडावर पडले.

झालं असं की दिवाळीनंतर आठच दिवसांनी शाळा तपासायला साहेब आले. तेलुगू माणूस, नवीनच या भागात नेमलेले, शांत, पांढरंशुभ्र धोतर. वाईट माणूस मुळीच नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. ते याआधी दोनदा येऊन गेले होते, आणि दोन्ही वेळा नेमके चुकीच्या दिवशी, एकदा नार्नूरच्या बाजाराला आणि एकदा मुगाच्या तोडणीत. आज पोरं बोरं खायला शिवारात पांगलेली. साहेब ओट्यावर खुर्चीत बसले, हजेरीपट उघडून मांडीवर घेतला आणि म्हणाले, "मास्टरगारू, पहले आया तो उन्नीस बच्चे. फिर बाईस. आज अठारा. रजिस्टर में तैंतालीस. मैं क्या लिखूँ, आप बोलो." बाबांचा चेहरा एवढासा झाला. खोटी हजेरी मांडणारा माणूस नव्हता तो. पोरं येत होती, पण शेती पाहून येत होती. साहेबांनी मग नियम सांगितला. चाळीस पोरं असली तर मराठी शाळा राहील. नसली तर बंद, पोरं तेलुगू शाळेत, आणि बाबांची बदली जिथं जागा असेल तिथं. बाबांना तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. माझा धाकटा भाऊ मधू तेव्हा तिसरीत होता, आणि गावातली पोरं घरात आणि रानात मराठीच बोलायची. ती तीन कोस चालत जाऊन तेलुगू शाळेत बसली नसती, थेट रानात गेली असती. हे बाबांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

मी चहा घेऊन दारात उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, फोटो चलेगा?" बाबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. पण साहेबांनी मान वर केली. "फोटो? सब बच्चे एक साथ?" मी म्हटलं, "हाँ." त्यांनी थोडा विचार केला. "मुँह दिखना चाहिए. मैं गिनूँगा. सोमवार शाम तक ऑफिस में लाओ, उसके बाद फाइल जाएगी." ते गेल्यावर बाबा म्हणाले, "तुले येते न पण, इमल?" मी म्हटलं, "त्यात काय न येण्यासारखं हाय?" देवा रे, काय ती माझी जीभ!

मामांचे रोल संपले होते. बाबा आदिलाबादला गेले आणि हमीदभाईंच्या फोटोच्या दुकानातून एक रोल घेऊन आले. डब्यावर सतराच्या जागी चोवीस छापलेलं. दुकानात तेवढाच होता, लग्नाच्या मांडवासाठी ठेवलेला. मी पाटी घेऊन बसले. सतराला अकरा, तर चोवीसला किती? त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं साडेपंधरा. कड्यावर सोळा होतं. अगदी चपखल बसलं, आणि मला वाटलं की हे यंत्र बनवणारा माणूससुद्धा माझ्यासारखाच हिशोबी असणार. मग खटक्याचा विचार केला. मामांनी पन्नास सांगितलं होतं ते एका माणसासाठी, फार तर दोघांसाठी. इथं पोरं त्रेचाळीस. पंगत मोठी असली तर पीठ जास्त भिजवावं लागतं, मग एवढ्या पोरांना उजेड जास्त नको का? मी खटका पंचवीसवर आणला. मायला समजावून सांगितलं तर तिलाही पटलं. "बरोबरच हाय वं. इतक्या लेकरायले पुरला पाह्यजे," म्हणाली. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा घरात याच्याइतकं शहाणपणाचं बोलणं दुसरं झालं नव्हतं.

दिवस शनिवारचा धरला, कारण रविवारी गावाची सीतादही होती. कापसाची वेचणी सुरू करण्याआधी बायका शेतात दहीभात घेऊन जातात, पूजा करतात, आणि दुसऱ्या दिवसापासून गावात पोर दिसत नाही. हात चालवता येतो तेवढं प्रत्येक पोर वेचणीला. म्हणजे शनिवार चुकला की सगळं चुकलं. मायनं शुक्रवारी शाळेच्या भिंतीला चुना दिला, फोटोत बरं दिसावं म्हणून. बाबा घरोघर फिरून आले. आणि शनिवारी पोरं आली, काय सांगू! डोक्याला तेल चोपडलेलं, डोळ्यांत काजळ, कोणी बापाची टोपी घातलेली. मायनं मधूसाठी पांढऱ्या मांजरपाटाचा सदरा रातोरात शिवला होता, तसे आणखी तिघाचौघांच्या अंगावर होते. पण पोरी आल्या त्या कडेवर धाकटी भावंडं घेऊन. ती त्यांची रोजचीच रीत. त्या शाळेत बसत तेव्हाही मांडीवर एक लेकरू असायचंच. बाबा म्हणाले, "कडेवरची लेकरं फोटोत नाई पाह्यजेत. साहेब मोजतीन आन म्हणतीन मास्तरानं तान्ही पोरं पटावर चढवली." मी म्हटलं, "बाबा, राहू द्या न, आकडा वाढते." बाबांनी नुसतं पाहिलं. मग सात तान्ही पोरं मायच्या ओसरीत गोळा झाली, माय एकेकाच्या तोंडात ज्वारीच्या लाह्या भरते आहे, आणि ती सातही एका सुरात रडताहेत. त्या रडण्यात मी स्टुलावर कॅमेरा ठेवून आठ वेळा खटका दाबला, आठही वेळा सोळा आणि पंचवीस. पोरं हलू नयेत म्हणून बाबा त्यांच्या बाजूला एका कडेला उभे राहिले होते. आठातल्या सातांत कोणी ना कोणी हललं असणार, पण एकदा सगळी दगडासारखी उभी होती, ते मला दाबतानाच कळलं. रविवारी गावच्या बायका दहीभात घेऊन शेतात गेल्या, मायही गेली, आणि मी रोल ट्रंकेत ठेवून त्याची राखण करत घरी बसले.

सोमवारी अंधारातच बैलगाडीनं इंद्रवेल्ली, तिथून आदिलाबादची मोटार. मायनं भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली होती, पण बाबांनी शिदोरी सोडली नाही. आदिलाबादच्या अलीकडचं मावला गाव मागं पडलं तेव्हा एवढंच म्हणाले, "इमल, तुवा केलं ते नीट केलं असशीनच." हमीदभाईंचं दुकान बाजारात, पुढं रंगवलेल्या पडद्याची खोली आणि मागं काळोखी खोली. साठीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, बोलणं दख्खनी आणि तोंडात सतत लवंग. रोल घेऊन ते आत गेले. आम्ही बाकावर बसलो. तासाभरानं ओला रोल चिमट्यात धरून बाहेर आले आणि उजेडाकडं धरला. तो काळा होता. मामांचे धुतलेले रोल मी पाहिले होते. त्यात माणूस उलटा, काळा-पांढरा, पण दिसायचा. यात काहीच नाही. पालथ्या तव्याइतका काळा, आठही चौकोन.

मी बाबांकडं पाहिलंच नाही. पोरं रानात गेली होती, आता कापूस सरेपर्यंत एका जागी यायची नव्हती. बाबा कुठं जातील, मधू काय करील, आणि गावात लोक म्हणतील मास्तराच्या पोरीनं शाळा बुडवली, आणि ते खरंच असेल. मी तिथंच बाकावर पदर तोंडात धरून रडले. बाबा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. यंत्र हाय, बिघडते." यंत्र बिघडलं नव्हतं, हे त्यांनाही समजलं असावं. हमीदभाईंनी मला विचारलं, "कितने पे रखी थी, बेटी?" मी आकडे सांगितले, त्रैराशिकासकट सांगितले, पंगतीचं पीठही सांगितलं. म्हातारा इतका हसला की त्याच्या तोंडातली लवंग पडली.

"अरे बेटी, ये गिनती पैसे की गिनती नै है," ते म्हणाले. "सतरा के बाद तीन बढ़े, बीस हुए, तो दुगनी तेज. और तीन बढ़े, तेईस, तो चौगुनी. चौबीस बोले तो पाँच गुनी. ये फिलम कच्ची नींद की है, जरा खटका हुआ कि उठ के बैठती. तुम उसके सिरहाने ढोल बजाए." मग माझ्या दुसऱ्या शहाणपणाकडं वळले. "और बच्चे एक हो या सौ, धूप सब पे अलग अलग पड़ती. बाँट के नै पड़ती." एवढी साधी गोष्ट! मला इतकी लाज वाटली की रडणंच थांबलं. पण ते पुढं जे बोलले ते मी जन्मभर विसरले नाही. "कायकू रोते? कम रोशनी दिए रहते तो मैं भी रोता. जो फिलम पे पड़ाच नै, वो मैं कहाँ से लाऊँ? ज्यादा पड़ा है, मतलब सब अंदर है. निकालना पड़ता बस."

त्यांनी मला काळोख्या खोलीत नेलं, बाबांनाही. लाल कपडा बांधलेला एक मिणमिणता दिवा. त्यांनी स्वतःच एका जुन्या कॅमेऱ्याचं यंत्र बनवलं होतं, वरून दिव्याचा उजेड रोलमधून खाली कागदावर पडायचा. एरवी ते पाच आकडे मोजायचे. सगळी दगडासारखी उभी होती तो चौकोन मी ओळीनं मोजून दाखवला, आणि पाच मोजून त्यांनी कागद औषधात बुडवला. कागद कोराच राहिला. दुसरा कागद घेतला आणि मोजत सुटले, दहा, वीस, तीस. मीही मनात मोजत होते. पन्नासवर त्यांनी दिवा मालवला आणि कागद औषधात सोडला. थोडा वेळ काही नाही. मग कागदावर आधी कडुलिंबाची फांदी आली, मग पोरींच्या वेण्या, मग एकेक चेहरा वर यायला लागला. बाबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं झालं होतं.

बाहेर उजेडात आणून बाबांनी काडीनं डोकी मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली. एकोणचाळीस. मग बाबा म्हणाले, "एकोणचाळीस तर एकोणचाळीस. जे हाय ते घेऊन जाऊ." माझा जीव नुसता चरफडला, कारण त्या दिवशी मी स्वतः त्रेचाळीस पोरं रांगेत उभी केली होती. मी म्हटलं, "बाबा, मोजू नका. नावं घ्या." बाबा एकेका चेहऱ्यावर काडी ठेवत नावं घेत गेले, आणि शेवटी थांबले. "किसन नाई. रामा नाई. तुळशीराम नाई. आन आपला मधूच नाई!" चौघेही पांढऱ्या सदऱ्यातले. चौघेही चुना दिलेल्या भिंतीच्या कोपऱ्यात उभे होते, आणि कागदावर तो कोपरा दुधासारखा पांढरा होता. हमीदभाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "हौ, समझा. सफेद पे सफेद. वाँ रोशनी सबसे ज्यादा हुई." पुन्हा आत गेलो. या वेळी पन्नास मोजून झाल्यावर त्यांनी उरलेल्या चित्रावर पुठ्ठा धरला आणि तेवढा एक कोपरा उजेडात ठेवून, हात सारखा हलवत, आणखी नव्वद मोजले. कागद औषधात पडला. कोपऱ्यात आधी एक करडी सावली आली, मग चार टोप्या, चार नाकं, आणि मधूचं ते वाकडं हसू. मी हमीदभाईंच्या पाया पडले. ते मागं सरून म्हणाले, "नक्को नक्को बेटी, फोटो गीला है, सँभालो."

कचेरीत आम्ही चार वाजता पोहोचलो. साहेबांनी फोटो टेबलावर ठेवला आणि पेन्सिलीच्या टोकानं एकेक डोकं मोजायला लागले, तेलुगूत, ओठांतल्या ओठांत. शेवटी म्हणाले, "चवालीस." बाबा पटकन पुढं झाले. "साहेब, एक मैं हूँ. मुझे घटाइए." साहेबांनी मान वर करून बाबांकडं बघितलं आणि पहिल्यांदाच हसले. "ठीक है मास्टरगारू. तैंतालीस." फाइलीत तीन ओळी लिहिल्या, सही केली, फोटो टाचणीनं लावला. मग विचारलं, कोणत्या दुकानदारानं काढला? बाबा म्हणाले, "मेरी बेटी ने." ते म्हणताना त्यांची मान ताठ होती. मला बाकी काही ऐकू आलं नाही. कचेरीच्या पायऱ्या उतरल्यावर बाबा कडुलिंबाखाली जमिनीवरच बसले, सकाळची शिदोरी सोडली आणि वाळलेल्या भाकरी दोन्ही हातांनी खाल्ल्या. मीही खाल्ल्या. तशी भूक मला पुन्हा कधी लागली नाही.

बुधवारी शाळा भरली तेव्हा अकरा पोरं होती. बाकी सगळी वेचणीला. मी दारात उभी राहून बाबांना म्हटलं, "बाबा, आता तरी चाळीस मांडा. साहेबायनं पाह्यले हायेत न." बाबांनी हजेरीपटावर अकरा मांडले, बाकीच्यांपुढं गैरहजर लिहिलं, आणि पट मिटून ठेवला. "ते येतीन," म्हणाले. "कापूस सरला की येतीन. शाळा तर हाय न." मग त्यांनी छडी टेबलावर आपटली, अकरा पोरांनी बे एके बे सुरू केलं, आणि मी हातातलं सूप खाली ठेवून भिंतीला टेकून बसले आणि तीसपर्यंतचे सगळे पाढे ऐकले.